गुणजावल्यांचे अविकारी विघटन

क्रमनिरपेक्ष बीजगणितातील एखादी गुणजावली काही विशिष्ट क्रियांखाली स्वतःच्याच आत राहत असेल, तर तिचे मूलभूत घटकांत विघटन करताना ते घटकही त्याच क्रियांखाली अविकारी राहतील असे निवडता येतात काय, या प्रश्नाचा विचार अमूर्त बीजगणिताच्या या शाखेत केला जातो. येथे अभिप्रेत असलेल्या क्रिया अनेक प्रकारच्या आहेत. गटातील घटकांनी घडवून आणलेली रूपांतरणे, अवकलन आणि घातांनुसार केलेले श्रेणीकरण हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. हॉप्फ बीजगणित या संरचनेमुळे या सर्वांचा विचार एकाच भाषेत करता येतो. संपूर्ण गुणजावली अविकारी असली, तरी तिचे नेहमीचे घटक अविकारी असतातच असे नाही. मात्र ‘घटक’ या शब्दाचा अर्थ क्रियेला अनुसरून ठरविल्यास विघटनाचे मूळ प्रमेय जसेच्या तसे खरे ठरते. हा या विषयाचा मध्यवर्ती निष्कर्ष होय.

पार्श्वभूमी : ज्या संचात बेरीज, वजाबाकी व गुणाकार करता येतात आणि गुणाकार क्रमनिरपेक्ष असतो, त्यास क्रमनिरपेक्ष वलय म्हणतात. पूर्णांकांचा संच आणि एखाद्या क्षेत्रातील सहगुणक असलेल्या बहुपदींचा संच ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. वलयात एखादे क्षेत्र समाविष्ट असेल, तर त्यास त्या क्षेत्रावरील बीजगणित असे म्हणतात. वलयाच्या ज्या उपसंचातील कोणत्याही दोन घटकांची बेरीज त्याच उपसंचात येते आणि ज्यातील घटकास वलयातील कोणत्याही घटकाने गुणले असता गुणाकार त्याच उपसंचात राहतो, तो उपसंच म्हणजे गुणजावली होय. पूर्णांकांच्या वलयात १२ च्या सर्व पटींचा संच ही एक गुणजावली असून ती (१२) अशी लिहितात.

१२ = ४ × ३ या अवयवीकरणाचे गुणजावल्यांच्या भाषेतील रूप (१२) = (४) ∩ (३) असे आहे. १२ ने भाग जाणाऱ्या संख्या म्हणजे ४ व ३ या दोहोंनी भाग जाणाऱ्या संख्या, एवढाच त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात बैजिक संख्यांच्या वलयांत अविभाज्य अवयवांची एकमेवता टिकत नाही असे दिसून आले. तेव्हा एर्न्स्ट कुमर यांनी ‘आदर्श संख्यां’ची कल्पना मांडली आणि रिखार्ट डेडेकिंट यांनी १८७१ मध्ये तिला गुणजावलीचे रूप दिले. बहुपदींच्या वलयात प्रत्येक गुणजावलीचे प्राथमिक गुणजावल्यांत विघटन होते, हे इमान्युएल लास्कर यांनी १९०५ मध्ये सिद्ध केले. हेच लास्कर १८९४ ते १९२१ या काळात बुद्धिबळाचे जगज्जेते होते. एमी नोएथर यांनी १९२१ मध्ये या प्रमेयाची बैठक पूर्णपणे बदलली. एकमेकींना सामावून घेत वाढत जाणाऱ्या गुणजावल्यांची कोणतीही साखळी सांत पायऱ्यांनंतर थांबते, एवढ्या एकाच गृहीतकावर विघटन अवलंबून असल्याचे त्यांनी दाखविले. असे वलय आज नोएथरीय वलय या नावाने ओळखले जाते.

या प्रमेयातील संज्ञा पुढीलप्रमाणे आहेत. दोन घटकांचा गुणाकार गुणजावलीत असल्यास त्यांपैकी निदान एक घटक तीत असतोच, अशा (संपूर्ण वलयाहून भिन्न) गुणजावलीस अविभाज्य गुणजावली म्हणतात. गुणाकार गुणजावलीत असून पहिला घटक तीत नसेल, तर दुसऱ्याचा कोणता तरी घात तीत असतो, अशा गुणजावलीस प्राथमिक गुणजावली म्हणतात. ज्या घटकांचा कोणता तरी घात दिलेल्या गुणजावलीत येतो, अशा सर्व घटकांचा संच हे तिचे मूलक होय. प्राथमिक गुणजावलीचे मूलक अविभाज्य असते. उदा., (४) ही प्राथमिक असून तिचे मूलक (२) आहे. विघटनातील अनावश्यक घटक वगळून व समान मूलकाचे घटक एकत्र करून जी मूलके उरतात, ती दिलेल्या गुणजावलीवरूनच निश्चित होतात. त्यांना तिच्या संलग्न अविभाज्य गुणजावल्या म्हणतात.

प्राथमिक घटक मात्र नेहमी एकमेव नसतात. क्ष व य या दोन चलांतील बहुपदींच्या वलयात (क्ष², क्षय) ही गुणजावली घेतल्यास, क ही क्षेत्रातील कोणतीही संख्या असताना

(क्ष², क्षय) = (क्ष) ∩ (क्ष², य + कक्ष)

असे विघटन मिळते. क च्या प्रत्येक मूल्यास वेगळे विघटन मिळत असल्याने अशी विघटने अनेक आहेत. आता क्ष व य यांना स्वतंत्रपणे शून्येतर संख्यांनी गुणणारी रूपांतरणे विचारात घेतल्यास मूळ गुणजावली अविकारी आहे. परंतु वरील विघटनांपैकी फक्त क = ० असलेले विघटन अविकारी आहे. इतर निवडींत मूळ गुणजावलीची सममिती घटकांत उतरत नाही. येथे निदान एक योग्य निवड उपलब्ध आहे. पुढील उदाहरणांत तीही उरत नाही.

विघटन बिघडण्याची उदाहरणे : (१) गटाची क्रिया : क्षय = ० या समीकरणाचा आलेख म्हणजे दोन अक्षांची जोडी होय. (क्षय) = (क्ष) ∩ (य) हे विघटन एकमेव आहे. क्ष व य यांची अदलाबदल केली असता (क्षय) बदलत नाही, पण (क्ष) चे रूपांतर (य) मध्ये व (य) चे (क्ष) मध्ये होते. दोन्ही अक्ष मिळून आकृती सममित आहे, एकेकटा अक्ष सममित नाही.

(२) अवकलनाची क्रिया : १ ची स्वतःशी ३ वेळा बेरीज केली असता ० मिळते, असे क्षेत्र घ्यावे. अशा क्षेत्राचा लक्षणांक ३ आहे असे म्हणतात. त्यावरील एका चलातील बहुपदींच्या वलयात क्ष³ चा अवकलज ३क्ष² म्हणजेच ० आहे. त्यामुळे (क्ष³) ही गुणजावली अवकलनाखाली अविकारी राहते. तिचे मूलक (क्ष) हे आहे. परंतु क्ष चा अवकलज १ असून तो (क्ष) मध्ये नाही, म्हणून मूलक अविकारी नाही. हीच गोष्ट कोणत्याही अविभाज्य लक्षणांकाच्या बाबतीत घडते.

(३) श्रेणीकरण : ज्यात क्ष² = १ आहे असे क व कक्ष या पदांचे द्विमितीय बीजगणित घ्यावे. त्यातील संख्यांना सम व क्ष च्या पटींना विषम मानले, तर सम-विषम असे श्रेणीकरण मिळते. शून्य गुणजावली अर्थातच या श्रेणीकरणाशी सुसंगत आहे. लक्षणांक २ नसेल, तर तिचे विघटन (क्ष − १) ∩ (क्ष + १) असे होते व यांपैकी कोणताही घटक श्रेणीकरणाशी सुसंगत नसतो. लक्षणांक २ असेल, तर क्ष − १ चा वर्ग शून्य होतो आणि शून्य गुणजावलीचे मूलक (क्ष − १) हेच सुसंगत राहत नाही. म्हणजे पहिल्या उदाहरणातील व दुसऱ्या उदाहरणातील असे दोन्ही प्रकारचे दोष केवळ लक्षणांक बदलल्याने एकाच बीजगणितात दिसून येतात.

हॉप्फ बीजगणित व त्याची क्रिया : वरील तिन्ही उदाहरणांत क्रिया गुणाकाराशी कशी जुळते हे पाहणे उद्‌बोधक आहे. गटातील घटक दोन्ही अवयवांवर एकाच वेळी क्रिया करतो. अवकलन आळीपाळीने एकेका अवयवावर क्रिया करून मिळालेल्या पदांची बेरीज करते. श्रेणीकरणात गुणाकाराचा सम भाग हा सम-सम व विषम-विषम भागांच्या गुणाकारांची बेरीज असतो. तिन्ही ठिकाणी क्रियेचे दोन अवयवांत वाटप करण्याचा एक नियम आहे. हा वाटपाचा नियम ज्या बीजगणितात अंगभूत असतो, ते हॉप्फ बीजगणित होय.

अधिक काटेकोरपणे सांगावयाचे, तर हॉप्फ बीजगणित ह यात नेहमीच्या गुणाकाराखेरीज तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे सहगुणन. ते प्रत्येक घटक प यास प₁ व प₂ अशा जोड्यांच्या बेरजेत विभागते. दुसरी म्हणजे सहएकक, जो प्रत्येक घटकास क्षेत्रातील एक संख्या लावतो. तिसरी म्हणजे व्यस्तन. गटात व्यस्त घटक जे कार्य करतो, तेच कार्य ते येथे करते. या तिन्हींनी काही सुसंगतीच्या अटी पाळाव्या लागतात. क्रमनिरपेक्ष बीजगणित अ वर ह ची क्रिया होते असे म्हणताना

प·(बच) = (प₁·ब)(प₂·च) या पदांची बेरीज

हा नियम पाळला जावा आणि प ची १ वरील क्रिया म्हणजे प च्या सहएककाची पट असावी, अशी अपेक्षा असते. गटातील घटक ग याचे वाटप (ग, ग) असे एकाच जोडीत होते. अवकलक ड याचे वाटप (ड, १) व (१, ड) अशा दोन जोड्यांत होते व त्यातून गुणाकाराच्या अवकलनाचा परिचित नियम मिळतो. सांत गटाने केलेल्या श्रेणीकरणात प्रत्येक श्रेणीचा भाग निवडून काढणारे प्रक्षेप हे ह चे घटक असतात.

या संरचनेचे मूळ संस्थितिविज्ञानात आहे. हाइन्ट्स हॉप्फ (१८९४–१९७१) यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात गटरचना असलेल्या अवकाशांचा अभ्यास करताना ती प्रथम आढळली. जॉन मिल्नर व जॉन मूर यांच्या १९६५ मधील निबंधाने तिचा पद्धतशीर बैजिक अभ्यास पुढे नेला आणि मॉस स्वीडलर यांच्या १९६९ मधील ग्रंथानंतर ती स्वतंत्र विषय म्हणून रुजली.

ह मधील प्रत्येक घटकाची क्रिया केली असता जी गुणजावली स्वतःच्याच आत राहते, तिला ह-अविकारी गुणजावली म्हणतात. दोन ह-अविकारी गुणजावल्यांची बेरीज, छेद व गुणाकार ह-अविकारीच असतात. गुणाकाराबाबतचे विधान वरील नियमावरून लगेच मिळते.

गुणजावलीचा गाभा : कोणत्याही गुणजावलीच्या आत सामावणारी सर्वांत मोठी ह-अविकारी गुणजावली असते. तिला मूळ गुणजावलीचा गाभा म्हणता येईल. ज्या घटकांवर ह मधील कोणतीही क्रिया केली तरी फळ दिलेल्या गुणजावलीतच राहते, अशा घटकांचा तो संच होय. अवकलनाच्या संदर्भात, जे घटक आपल्या सर्व क्रमांच्या अवकलजांसह गुणजावलीत असतात त्यांचा तो संच असतो. दोन गुणजावल्यांच्या छेदाचा गाभा हा त्यांच्या गाभ्यांचा छेदच असतो. म्हणून एखाद्या अविकारी गुणजावलीचे प्राथमिक विघटन दिले असता प्रत्येक घटकाच्या जागी त्याचा गाभा ठेवला, तरी छेद बदलत नाही. घटकांना अविकारी करण्याची ही सर्वांत सोपी रीत होय.

वरील (क्ष², क्षय) च्या उदाहरणात क = १ घेतल्यास (क्ष², य + क्ष) हा घटक मिळतो. चलांना स्वतंत्रपणे गुणणाऱ्या रूपांतरणांखाली (क्षेत्रात अनंत संख्या असताना) त्याचा गाभा (क्ष², क्षय, य²) हा येतो. तो प्राथमिक असून (क्ष) शी त्याचा छेद पुन्हा (क्ष², क्षय) हाच आहे. याउलट अदलाबदलीच्या उदाहरणात (क्ष) व (य) या दोहोंचा गाभा (क्षय) हाच येतो आणि तो प्राथमिक नसतो. तेव्हा प्राथमिक गुणजावलीचा गाभा प्राथमिक राहतो की नाही, या मुद्द्यावर संपूर्ण प्रश्न येऊन ठेपतो.

मुख्य प्रमेय : गाभा प्राथमिक राहत नसेल, तेथेही ‘प्राथमिक’ या संज्ञेची व्याख्या क्रियेला अनुसरून केल्यास अडचण दूर होते. अशा व्याख्यांत घटकांऐवजी केवळ ह-अविकारी गुणजावल्यांचाच विचार केला जातो. ज व ट या ह-अविकारी गुणजावल्यांचा गुणाकार ग या ह-अविकारी गुणजावलीत सामावतो आणि ज ही ग मध्ये सामावत नाही, अशा प्रत्येक वेळी ट चा कोणता तरी घात ग मध्ये सामावत असेल, तर ग ला ह-प्राथमिक म्हणतात. अशा प्रत्येक वेळी ट स्वतःच ग मध्ये सामावत असेल, तर ग ला ह-अविभाज्य म्हणतात (दोन्ही ठिकाणी ग ही संपूर्ण बीजगणिताहून भिन्न असावी लागते). मग पुढील प्रमेय मिळते : नोएथरीय क्रमनिरपेक्ष बीजगणितावर हॉप्फ बीजगणिताची क्रिया होत असेल, तर संपूर्ण बीजगणिताहून भिन्न असलेली प्रत्येक ह-अविकारी गुणजावली ही सांत संख्येच्या ह-प्राथमिक गुणजावल्यांचा छेद असते.

सिद्धतेचे दोन टप्पे आहेत. जी ह-अविकारी गुणजावली आपल्याहून मोठ्या दोन ह-अविकारी गुणजावल्यांचा छेद म्हणून मांडता येत नाही, तिला येथे अविघटनीय म्हणू. प्रत्येक ह-अविकारी गुणजावली सांत संख्येच्या अविघटनीय गुणजावल्यांचा छेद असते. तसे नसल्यास छेदांचे विभाजन करत करत कधीच न थांबणारी चढती साखळी मिळाली असती, व नोएथरीय वलयात ते अशक्य आहे. हा पहिला टप्पा नोएथर यांच्या मूळ युक्तिवादासारखाच आहे.

दुसऱ्या टप्प्यात अविघटनीय गुणजावली ग ही ह-प्राथमिक असल्याचे दाखवावयाचे असते. ज व ट यांचा गुणाकार ग मध्ये सामावतो पण ज सामावत नाही, असे समजू. ज्या घटकांना ट मधील कोणत्याही घटकाने गुणले असता गुणाकार ग मध्ये येतो, त्या घटकांची गुणजावली (ग : ट) अशी लिहितात. ती ह-अविकारी आहे काय, हा येथील कळीचा प्रश्न आहे. ब हा (ग : ट) मधील व च हा ट मधील घटक असल्यास, आणि व्यस्तन ‘व’ या अक्षराने दाखविल्यास,

(प·ब)च = प₁·[ब(व(प₂)·च)] या पदांची बेरीज

असे मिळते. चौकटी कंसातील गुणाकार ग मध्ये असतो, कारण व(प₂)·च हा घटक ट मध्येच राहतो. ग अविकारी असल्याने उजवी बाजूही ग मध्ये येते. म्हणून (ग : ट) ह-अविकारी ठरते. संपूर्ण सिद्धतेत व्यस्तनाचा उपयोग याच एका ठिकाणी होतो. आता आर्टिन व रीस यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सहायक प्रमेयानुसार ट चा पुरेसा मोठा घात ग मध्ये मिळविल्यास जी गुणजावली तयार होते, तिचा (ग : ट) शी छेद नेमका ग इतकाच असतो. ग अविघटनीय आहे आणि (ग : ट) मध्ये ज सामावत असल्याने ती ग पेक्षा मोठी आहे. म्हणून दुसरी गुणजावली ग इतकीच असली पाहिजे, म्हणजेच ट चा तो घात ग मध्ये सामावला पाहिजे. यावरून प्रमेय सिद्ध होते.

प्रत्येक ह-प्राथमिक गुणजावलीशी एक ह-अविभाज्य गुणजावली निगडित असते. ज्या ह-अविकारी गुणजावल्यांचा कोणता तरी घात तीत सामावतो, त्यांपैकी सर्वांत मोठी गुणजावली म्हणजे ही होय. अनावश्यक घटक वगळल्यानंतर व समान घटक एकत्र केल्यानंतर उरणाऱ्या ह-अविभाज्य गुणजावल्यांचा संच मूळ गुणजावलीवरूनच एकमेव निश्चित होतो. अशा रीतीने लास्कर व नोएथर यांच्या प्रमेयाचे अस्तित्व व एकमेवता हे दोन्ही भाग नव्या अर्थाने टिकून राहतात. वरील तीन उदाहरणांतील (क्षय), (क्ष³) व शून्य गुणजावली या आपापल्या क्रियांच्या संदर्भात ह-अविभाज्यच आहेत. त्यांचे विघटन बिघडत नाही, कारण ते करण्याची गरजच उरत नाही.

नेहमीच्या विघटनाशी संबंध : ह-अविभाज्य गुणजावली नेहमीच्या अर्थाने अविभाज्य केव्हा असते, हे क्रियेच्या स्वरूपावर व क्षेत्राच्या लक्षणांकावर अवलंबून असते.

सांत गटाच्या क्रियेत अशी गुणजावली म्हणजे गटाच्या क्रियेने एकमेकींत रूपांतरित होणाऱ्या अविभाज्य गुणजावल्यांच्या एका संपूर्ण कक्षेचा छेद असते. गट बैजिक व संबद्ध असेल, उदा., शून्येतर संख्यांनी चलांना गुणणारा गट, तर सांत संख्येच्या संलग्न गुणजावल्यांची अदलाबदल तो करू शकत नाही आणि त्या प्रत्येकी अविकारी राहतात. पूर्णांकी घातांनुसार केलेल्या श्रेणीकरणात समघाती गुणजावलीचे समघाती प्राथमिक घटकांत विघटन होते, ही प्रक्षेपीय भूमितीत सतत उपयोगी पडणारी गोष्ट याच प्रकारची आहे. सम-विषम श्रेणीकरणात ती का लागू पडत नाही, हे तिसऱ्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अवकलनाच्या बाबतीत लक्षणांक शून्य असल्यास टेलर श्रेढीचा आधार घेता येतो. ड हा अवकलक असून त हे नवे चल असेल, तर प्रत्येक घटक ब यास

ब + ड(ब)त + ड²(ब)त²/२! + ड³(ब)त³/३! + …

ही श्रेढी लावणारी संगती बेरीज व गुणाकार दोन्ही कायम ठेवते. ज्या घटकांच्या श्रेढीतील सर्व सहगुणक दिलेल्या गुणजावलीत येतात, ते तिच्या गाभ्याचे घटक होत. नोएथरीय वलयात प्राथमिक गुणजावलीतील सहगुणक असलेल्या श्रेढींची गुणजावली प्राथमिक असते, म्हणून गाभाही प्राथमिक ठरतो. परिमेय संख्या सामावून घेणाऱ्या नोएथरीय वलयात अवकलनाखाली अविकारी असलेल्या गुणजावलीच्या सर्व संलग्न अविभाज्य गुणजावल्या अविकारी असतात आणि प्राथमिक घटकही अविकारी निवडता येतात, हे अब्राहम सायडनबर्ग यांनी १९६७ मध्ये दाखविले.

श्रेढीतील छेदस्थानी असलेल्या २!, ३! इत्यादींमुळे ही रीत अविभाज्य लक्षणांक असताना चालत नाही. हेल्मूट हासे व एफ. के. श्मिट यांनी १९३७ मध्ये मांडलेली उच्च अवकलकांची कल्पना ही उणीव भरून काढते. तीत भागाकार करून सहगुणक मिळविण्याऐवजी श्रेढीचे सर्व सहगुणक क्रियेचाच भाग म्हणून आरंभीच दिलेले असतात. बहुपदींच्या वलयातील नेहमीच्या उच्च अवकलकांपैकी तिसऱ्याची क्ष³ वरील क्रिया १ हे फळ देते. त्यामुळे लक्षणांक ३ असतानाही (क्ष³) ही अविकारी राहत नाही व दुसऱ्या उदाहरणातील दोष उद्‌भवत नाही. उच्च अवकलकांखालील गुणजावल्यांचा अभ्यास डब्ल्यू. सी. ब्राउन व डब्ल्यू. ई. क्वान यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला.

ज्या हॉप्फ बीजगणितात वाटपाच्या जोडीतील दोन भागांचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही, त्यास सहक्रमनिरपेक्ष म्हणतात. क्षेत्र बैजिक दृष्ट्या संवृत व शून्य लक्षणांकाचे असेल, तर असे प्रत्येक हॉप्फ बीजगणित एक गट व एक ली बीजगणित यांपासून बनते. हे प्रमेय कार्त्ये, कॉस्टंट, मिल्नर व मूर यांच्या नावांनी ओळखले जाते. त्यानुसार नोएथरीय बीजगणितातील ह-अविभाज्य गुणजावली म्हणजे अवकलनांखाली प्रत्येकी अविकारी असलेल्या व गटाच्या क्रियेने एकमेकींत फिरणाऱ्या सांत संख्येच्या अविभाज्य गुणजावल्यांचा छेद असते. म्हणजे या परिस्थितीत अवकलन घटकांना धक्का लावत नाही, फक्त गट त्यांची अदलाबदल करतो.

अवकल समीकरणांतील उपयोग : अविकारी विघटनाचे व्यावहारिक महत्त्व अवकल समीकरणांत स्पष्टपणे दिसते. जोसेफ फेल्स रिट यांनी १९३२ मधील ग्रंथात बैजिक अवकल समीकरणांच्या संहतींचा गुणजावल्यांच्या दृष्टीने अभ्यास केला. (य′)² = ४य हे समीकरण घेतल्यास, क हा स्थिरांक असताना, य = (क्ष + क)² हे त्याचे सामान्य उत्तर आहे. याखेरीज य = ० हे एक विशिष्ट उत्तर असून ते क च्या कोणत्याही मूल्यास सामान्य उत्तरातून मिळत नाही. आलेखाच्या दृष्टीने सामान्य उत्तरे म्हणजे क्ष-अक्षास स्पर्श करणारे अन्वस्त होत आणि विशिष्ट उत्तर म्हणजे तो अक्षच होय.

(य′)² − ४य ही बहुपदी य व य′ या चलांत अविभाज्य आहे. त्यामुळे साध्या बीजगणितास तिच्यात एकच घटक दिसतो. परंतु तिचे अवकलन केले असता २य′(य″ − २) असे अवयव मिळतात. य′ = ० या अवयवापासून य = ० व य″ = २ या अवयवापासून अन्वस्तांचे कुल मिळते. अवकलनाखाली अविकारी असे विघटन केल्यावरच ही दोन प्रकारची उत्तरे वेगळी होतात. या ठिकाणी य, य′, य″, … अशी अनंत चले येत असल्याने वलय नोएथरीय नसते. तथापि आपल्या मूलकाशी समान असलेल्या अविकारी गुणजावल्यांची चढती साखळी थांबते, असे रिट व एच. डब्ल्यू. राउडेनबुश यांच्या प्रमेयावरून मिळते व विघटन सांत राहते.

नंतरचा विकास : व्लादिमिर ड्रिनफेल्ड यांनी १९८६ मध्ये बर्कली येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेच्या निमित्ताने पुंज गटांविषयी मांडलेल्या विवेचनानंतर सहक्रमनिरपेक्ष नसलेल्या हॉप्फ बीजगणितांना विशेष महत्त्व आले. तथापि क्रमनिरपेक्ष बीजगणितांवर त्यांच्या क्रियांना मर्यादा पडतात. पावेल एटिंगॉफ व चेल्सी वॉल्टन यांनी २०१४ मध्ये असे सिद्ध केले की, बैजिक दृष्ट्या संवृत व शून्य लक्षणांकाच्या क्षेत्रावरील सांत मितीच्या अर्धसरल हॉप्फ बीजगणिताची क्रिया शून्य-भाजक नसलेल्या क्रमनिरपेक्ष बीजगणितावर होत असेल, तर ती प्रत्यक्षात एका सांत गटाचीच क्रिया असते. भूमितीच्या बाजूने, मित्सुयासू हाशिमोतो व मित्सुहिरो मियाझाकी यांनी २०१३ मध्ये गटयोजनांच्या क्रियेखालील अविभाज्य व प्राथमिक गुणजावल्यांचा व्यापक सिद्धांत मांडला.

मूळ गुणजावलीची सममिती तिच्या प्रत्येक घटकात उतरावी, ही अपेक्षा सर्वत्र पुरी होत नाही. लक्षणांक शून्य असताना अवकलने ती पुरी करतात, संबद्ध गट पुरी करतात, तर सांत गट करीत नाहीत. जेथे ती पुरी होत नाही, तेथे घटकांना बळेच अविकारी करण्यापेक्षा एकमेकांत फिरणाऱ्या घटकांचा समूह हाच एक घटक मानणे हा बीजगणिताने स्वीकारलेला मार्ग आहे.